राखणदाराचे गुण

या लेखाचा विषय व्हिडिओ गेम हा आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. दिवाळी अंकातला टीकालेख म्हटला की एखाद्या कादंबरीची किंवा नाटकाची चिरफाड वाचायला मिळणार, अशी वाचकाची अपेक्षा असते. विषय कळताच काही ज्येष्ठ वाचक चकलीच्या डब्याकडे हात नेतील. त्यांनी खुशाल न्यावा. फक्त चकली खाता खाता चार शब्द ऐकून घ्यावेत, एवढीच विनंती. ज्या पोरांनी हे खेळ खेळले ती आता चाळिशीच्या घरात आली आहेत. ज्यावर एका पिढीच्या सुट्ट्या पोसल्या, त्यातले सकस काय आणि नुसते गाजलेले काय, हे पाहणे टीकेचेच काम आहे.

निमित्त घडले ते आमच्या घोडेगावच्या घरी. मी नोकरीनिमित्त पुण्याला असतो. दिवाळीला मात्र मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला वळल्याशिवाय मला दिवाळी आली असे वाटतच नाही. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना धाकट्या भावाने माळ्यावरून एक खोके काढले. आत आमचे जुने व्हिडिओ गेमचे यंत्र, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि पिवळ्या रंगाची कॅसेट. १९९७ साली वडिलांनी ते पुण्याच्या बुधवार पेठेतून आणले होते. कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले होते. प्रत्यक्षात त्यात आठ-दहाच खेळ होते. बाकी सारी त्यांचीच नावे बदलून केलेली खोगीरभरती. तरी आम्ही दोघा भावांनी ती यादी शेवटपर्यंत चाळली होती. न जाणो, एखादा नवा खेळ निघायचा!

माझा पुतण्या सातवीत आहे. त्याने ते यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मग मोबाइलवर जगातल्या सर्वोत्तम जुन्या खेळांची कुठलीशी यादी काढली आणि आमच्या आवडीची हजेरी घेऊ लागला. मारिओ होता, अगदी वरच्या पाटावर. कॉन्ट्रा होता. बदकांचा खेळही होता.

"मोठे काका, तुमचा टँक यात नाहीच. म्हणजे तो भंगारच होता ना?"

मी काही बोलणार तोच माझा भाऊ म्हणाला, "नसेल. तो काय फार मोठा खेळ नव्हता." त्याचे हे बोलणे मला का लागले, ते तेव्हा कळले नाही. पण वादाला तोंड फुटले होते, आणि ज्याला टीकाकार म्हणवून घ्यायचे आहे त्याने फराळाच्या ताटावरूनही वाद सोडू नये.

प्रथम मारिओ. १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ही त्याच्या कर्त्यांची नावे. त्याची थोरवी मी नाकारीत नाही. पहिल्याच पडद्यावर एकही सूचना न लिहिता तो खेळायला शिकवतो. समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात, मारली तर वरच्या पेटीला डोके लागून काहीतरी मिळते. अक्षरओळख नसलेले मूलही पाच मिनिटांत खेळू लागते. इतका चांगला शिक्षक कित्येक शाळांना लाभत नाही. तेव्हा मारिओचे कौतुक खोटे नाही. ते एकांगी आहे. दोन खेळाडूंचा मारिओ पाळीपाळीने खेळायचा असतो. एकाचा जीव जाईपर्यंत दुसऱ्याने हात बांधून बसायचे. आता थोरल्याचा हात तयार आणि धाकट्याचा कच्चा असेल, तर धाकट्याच्या वाट्याला काय येणार? माझा भाऊ मारिओ खेळला असे म्हणण्यापेक्षा त्याने मला मारिओ खेळताना पाहिले, असेच म्हणावे लागेल. एकट्याने मागितला तर हा खेळ अमृत आहे. भावंडांच्या घरात तो एकाचे जेवण आणि दुसऱ्याचा उपास आहे. यादी करणारांनी हा हिशेब कधी मांडलेला नाही.

कॉन्ट्राची गोष्ट वेगळी. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ सालचा. आमच्या यंत्रांना शोभेल असे त्याचे घरगुती रूप १९८८ साली आले. यात दोघे एकाच वेळी लढतात, म्हणून मैत्रीचा खेळ अशी त्याची ख्याती आहे. मला ती ख्याती उसनी वाटते. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो. जो चपळ तो भराभर वर जातो, त्याच्याबरोबर पडदाही वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या काठाबाहेर पडून मरतो. शत्रूने न मारता जोडीदाराच्या घाईने मरावे, ही कसली मैत्री? शिवाय या खेळात शत्रू दर वेळी ठरल्या जागीच उभा असतो. गोळी कोठून येणार हे पाठ झाले की खेळ संपला. उरते ती घोकंपट्टी. आणि ज्यांना तीही जमली नाही त्यांच्यासाठी बटणांची ती गुप्त ओळ, तीन जिवांचे तीस करणारी! ती जगभर मंत्रासारखी पाठ झाली. एखाद्या ग्रंथाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट त्याचे गाइड असावे, तसे हे झाले. संगीत झकास, धावपळ झकास. पण पहिल्या पंक्तीचे पान मी याला वाढणार नाही.

बदकांच्या खेळाबद्दल, म्हणजे १९८४ च्या 'डक हंट'बद्दल, थोडक्यात आटोपतो. बंदुकीचा घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. युक्ती खरोखर नामी आहे. पण युक्ती म्हणजे खेळ नव्हे. आम्ही चौथ्या दिवशीच नळी टीव्हीच्या काचेला टेकवून सगळी बदके पाडली, आणि नेम चुकल्यावर हसणारा तो कुत्रा तेवढा लक्षात राहिला. जादूगाराची करामत कळल्यावर त्याच्या खेळाला दुसऱ्यांदा तिकीट काढून कोण जातो?

आता राहिला आमचा टँक. त्याचे खरे नाव 'बॅटल सिटी'. नाम्को कंपनीने तो काढला तो १९८५ साली, म्हणजे मारिओच्याच वर्षी. मग यादीत तो का नाही? याचे उत्तर गुणात नसून भूगोलात आहे. निन्टेन्डोच्या यंत्रावर हा खेळ जपानात विकला गेला, अमेरिकेत नाही. आणि जगाच्या याद्या बहुतेक अमेरिकेतल्या बालपणांतून तयार होतात. आमच्याकडे, किंवा १९९२ नंतर रशियात 'डेंडी' नावाच्या यंत्राबरोबर, तो पोचला तो नकली कॅसेटींच्या पोटातून. आमचे यंत्र मूळ यंत्राची नक्कल, आतले खेळही नक्कल. मूळ कर्त्यांना आमच्याकडून दमडीही पोचली नाही. हे पाप कबूल करूनच मी पुढे बोलतो. पण नाटक चोरून पाहिले म्हणून ते वाईट ठरत नाही.

खेळ असा आहे. चौकोनी मैदानाच्या तळाशी मध्यभागी एक गरुड बसलेला असतो आणि त्याच्याभोवती विटांची भिंत. वरून एकामागून एक वीस रणगाडे उतरतात. ते सगळे मारले की एक फेरी सरली. अशा पस्तीस फेऱ्या. तुमचे जीव शिल्लक असोत वा नसोत, गरुड फुटला की सारे संपले. येथे शत्रू ठरल्या वाटेने येत नाही, त्यामुळे घोकून भागत नाही. दर क्षणाला एकच प्रश्न उभा राहतो, पुढे जाऊन मारायचे की मागे राहून राखायचे? दोघे असतील तर हा प्रश्न बोलून सोडवावा लागतो, कारण जोडीदाराची गोळी लागली तर आपला रणगाडा जागीच खिळून राहतो. आणि आपलीच गोळी गरुडाला लागली तर? तर तोही फुटतो. घरभेद्याला वेगळी शिक्षा नाही. घर जाते, हीच शिक्षा.

या खेळात मैदान स्वतः रचण्याचीही सोय होती. विटा, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ, हवे तेथे ठेवा आणि आपणच बांधलेल्या जागेत लढा. आमच्या गावाकडच्या पोरांना हे काय नवीन होते? जुन्नरचा शिवनेरी आम्हांला काही दूर नाही. दर दिवाळीला अंगणात दगड-विटा रचून, वर पोते आणि चिखल थापून, हळीव पेरून आम्ही किल्ला करीत होतो. वर सिंहासनावर महाराज, खाली बुरुजाशी मातीचे मावळे. बाहेर चिखलाचा किल्ला आणि घरात विटांचा, दोन्ही एकाच बुद्धीने बांधलेले. दोन्ही तितकेच क्षणभंगुरही. यंत्र बंद केले की रचलेले मैदान गेले, आणि वीज तर आमच्याकडे तिच्या मर्जीने जाई. तरी आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायला बसत असू. जो खेळ मुलाला नुसते मारायला न लावता राखायला आणि बांधायला लावतो, त्याला मी थोर म्हणतो. मग यादी काहीही म्हणो.

एवढे व्याख्यान मी फराळाच्या ताटावर दिले. पुतण्या म्हणाला, "लावून बघू." हातच्या काकणाला आरसा कशाला? कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून यंत्र नव्या टीव्हीला जोडले. बदकांचा खेळ तेथल्या तेथे आडवा झाला. नव्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे बंदुकीचा डोळा आंधळा होतो. मारिओ पोराला आवडला. कॉन्ट्रात तो चार वेळा मेला आणि कंटाळला. मग टँक लागला. मी आणि माझा भाऊ कितीतरी वर्षांनी शेजारी बसलो, आणि काही न ठरवता जुन्याच जागा घेतल्या. मी मुसंडी मारीत वर गेलो, तो गरुडापाशी राहिला.

फेरी संपली. पडद्यावर हिशेब आला. कोणी किती रणगाडे मारले त्याचे गुण, आणि ज्याने जास्त मारले त्याला वर हजार गुण बक्षीस. बक्षीस मला मिळाले, लहानपणी नेहमी मिळे तसे.

पुतण्याने विचारले, "पप्पांनी गरुड राखला, त्याचे गुण कुठे लिहिलेत?"

कोठेच लिहिलेले नव्हते. ज्या खेळाची मी एवढी तरफदारी केली, त्याचा हा मोठा दोष माझ्या ध्यानात आजवर आला नव्हता. सारा खेळ राखण्यावर उभा, आणि गुण मात्र मारणाराला! लहानपणी त्या हजार गुणांच्या जोरावर मी भावाला किती चिडवले असेल, ते आठवले. पुढे मी शिकायला पुण्याला गेलो, तेथेच राहिलो. घोड नदीकाठचे कांद्याचे वावर, वडिलांचे आजारपण, आईचे म्हातारपण या साऱ्यांपाशी तो राहिला. गावात माझी ओळख करून देताना लोक माझा हुद्दा सांगतात. त्याची ओळख करून देताना "हा इथंच असतो" म्हणतात. "तो काय फार मोठा खेळ नव्हता" हे त्याचे वाक्य मला का लागले, ते आता कळले.

मी म्हणालो, "या खेपेला तू पुढे जा. मी राखतो."

"जमेल का, दादा?" तो हसून म्हणाला.

त्याने वर जाऊन पाच रणगाडे उडवले. मी गरुडापाशी उभा होतो. डावीकडून एक रणगाडा आला, मी घाईने वळलो, गोळी सोडली, भिंत ढासळली आणि दुसऱ्या गोळीला गरुड फुटला. माझ्याच गोळीने. भाऊ आणि पुतण्या पोट धरधरून हसले, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारले, "काय फुटलं रे?"