सोलापूरचं पाणी नक्की कुठे मोजायचं?

शहराच्या पाणीपुरवठ्यावर सिनॉप्सिस लिहिताना बहुतेक जण एक तक्ता करतात. डावीकडे पर्याय, पुढे खर्च, अंतर आणि रोज मिळणारं पाणी. ज्याचा आकडा बरा, तो पर्याय चांगला. पण नदीवर अनेकांचा दावा असेल तर हा तक्ता फसवतो. सोलापूरचं उदाहरण घेऊन बघू.

सोलापूरला पाणी मुख्यतः तीन मार्गांनी येतं. पहिला, उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटरची थेट जलवाहिनी. दुसरा, धरणातून भीमेत सोडलेलं, औज बंधाऱ्यात अडवलेलं आणि टाकळीहून उचललेलं पाणी. तिसरा, हिप्परग्याचा एकरुख तलाव. खरी तुलना होते ती पहिल्या दोन मार्गांची.

नेहमीचा युक्तिवाद असा: शहरासाठी नदीत एका वेळी साधारण पाच-सहा टीएमसी पाणी सोडावं लागतं, आणि तेही वर्षातून अनेकदा. उलट समांतर जलवाहिनीची क्षमता रोज १७ कोटी लिटर. ती वर्षभर पूर्ण चालवली तरी लागतात सुमारे २.२ टीएमसी. (१ टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर, गुणाकार स्वतः करून बघा.) म्हणजे जलवाहिनीमुळे पाणी वाचतं.

गणित बरोबर आहे. निष्कर्ष मात्र अर्धाच आहे.

नदीतलं सगळं जास्तीचं पाणी ‘वाया’ जात नाही. काही उन्हाने उडतं, काही वाळूत मुरतं. पण बाकीच्यावर काठच्या गावांच्या नळयोजना, विहिरी आणि ऊस जगतो. औजजवळ तर पलीकडचा काठ कर्नाटकाचा. शहरासाठी पाणी सोडलं की काठच्या शेतीपंपांची वीज तोडतात, ती का? वाटेत पाणी उचललं जातं म्हणूनच ना! तेव्हा ‘वाचलेलं’ पाणी काही प्रमाणात कुणाच्या तरी वापरातून काढून घेतलेलं असतं. कुणाच्या, आणि ते पुढे कुणाला मिळणार? तक्त्यात याला रकानाच नसतो.

आता तिसरी मोजणी बघा. भीमा ही कृष्णेची उपनदी, त्यामुळे बच्छावत लवादाचा नियम लागू होतो. राज्याच्या खात्यावर घरगुती आणि नागरी पाणी उचललेल्या पाण्याच्या फक्त २० टक्के धरलं जातं. बाकीचं नदीत परत येतं असं गृहीत आहे. म्हणजे जलवाहिनीचे २.२ टीएमसी आंतरराज्य हिशेबात उरतात जेमतेम ०.४४. धरणाच्या दारात मोजलं तर एक आकडा, शहरात मोजलं तर दुसरा, लवादाच्या वहीत तिसरा. शहर एकच!

शिवाय तुलना कुठल्या वर्षाची? उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आणि मृत साठा त्याहून जास्त, सुमारे ६४. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा पातळीत होतं. अशा वेळी नदीत सोडलेलं पाणी मृत साठ्यातूनच जातं. जलवाहिनी मृत साठ्यातून चालते, पण दुबार पंपिंग करून. सरासरी वर्षाच्या खर्चात हे दिसत नाही.

जलवाहिनी नको, असं मला म्हणायचं नाही. ज्या शहराने वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळाची वाट बघितली, त्याला भरवशाचं पाणी मिळायलाच हवं. राज्याच्या जलनीतीतही पिण्याच्या पाण्याला पहिलं प्राधान्य आहे. पण प्राधान्य मान्य केलं म्हणून किंमत कोण मोजतं हा प्रश्न संपत नाही. उलट तो विचारणं हेच संशोधकाचं काम.

म्हणून तुमच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा: पाणी कुठल्या ठिकाणी मोजलं, आधी ते कोण वापरत होतं, आणि दुष्काळी वर्षात काय होतं. रकाने भरायला धरणाच्या नोंदी लागतील आणि नदीकाठी फिरावंही लागेल. गाईड पहिल्याच बैठकीत विचारतील, ‘हा आकडा कुठला?’ उत्तरात फक्त संदर्भ सांगू नका, जागाही सांगा.