उच्चाराचा अधिकार : भूमिकाखेळातील पात्रवर्ग आणि संतुलनाचा प्रश्न

पात्रांच्या बलाबलाची चर्चा आपल्या समीक्षेत होते ती मुख्यतः कादंबरी आणि नाटक यांच्या संदर्भात. या दोन्ही प्रकारांत कोणाला किती जागा द्यावयाची हे लेखक एकटा ठरवितो. एका पात्राला तीनशे पाने मिळाली आणि दुसऱ्याला दारात उभे राहून निरोप सांगण्यापुरत्या दोन ओळी, तर त्या निरोप्याच्या वतीने सहसा कोणी भांडत नाही. ॲलेक्स वोलोक यांनी 'द वन व्हर्सेस द मेनी' या २००३ मधील ग्रंथात हे भांडण सैद्धांतिक पातळीवर उभे केले. नायकाने व्यापलेली जागा आणि गौण पात्रांचे आकुंचन या एकाच रचनेच्या दोन बाजू आहेत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तरीही गौण पात्र अखेर कागदावरचेच. त्याची तक्रार समीक्षकालाच करावी लागते. कथनाचा एक प्रकार मात्र असा आहे की ज्यात गौण ठरलेले पात्र हाडामांसाच्या माणसाच्या रूपाने समोरच्या खुर्चीत चार तास बसलेले असते, आणि आपल्या वाट्याला काहीही आले नाही हे त्याला पुरेपूर कळत असते. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत 'संतुलन' या शब्दाला जे महत्त्व आले ते यामुळे. हा शब्द गणिती वाटतो म्हणून साहित्यसमीक्षेने तो दूर ठेवला असेल, तर ते उचित नव्हे.

या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, १९७४ साली अमेरिकेत तीन पुस्तिकांच्या रूपात आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जेथे निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. लिखित संहिता नियमांची असते. कथेची संहिता बोलण्यातून घडते आणि बोलण्याबरोबरच विरून जाते. प्रत्येक पात्र एका वर्गाचे असते. १९७४ मध्ये असे वर्ग तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि दैवी सामर्थ्य लाभलेला पुरोहित.

'वर्ग' ही संज्ञा मी नाइलाजाने वापरीत आहे. आपल्या भाषेत तिला शाळेचा, समाजशास्त्राचा आणि त्याही मागे वर्णव्यवस्थेचा वास आहे. जन्माने लाभलेला वंश आणि व्यवसायाने ठरणारा वर्ग असे दोन रकाने या खेळात सुरुवातीपासून शेजारी-शेजारी होते. 'वंश' हा शब्द त्याच्या २०२४ च्या आवृत्तीने काढून तेथे जीवशास्त्रातील 'प्रजाती' हा शब्द घातला. 'वर्ग' मात्र टिकला. तो नेमके कशाचे वर्गीकरण करतो? आपल्या नाट्यमीमांसेतील धीरोदात्त, धीरललित इत्यादी भेद स्वभावाचे आहेत. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांत दाखविलेली सात कार्यक्षेत्रे ही कथेतील कामगिरीची आहेत, आणि ती पूर्ण झालेल्या कथेकडे मागे वळून पाहिल्यावर दिसतात. पात्रवर्ग यांपैकी कशातच बसत नाही. तो कथा सुरू होण्यापूर्वीच निवडावा लागतो, आणि स्वभाव किंवा कामगिरी यांविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. हे पात्र कोणत्या जातीची विधाने करू शकेल, एवढेच तो ठरवितो.

हे स्पष्ट होण्यासाठी खेळाच्या पूर्वपीठिकेकडे जावे लागते. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' हा मध्ययुगीन युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला होता. त्याच्या अद्भुताच्या पुरवणीत एकटा वीर चार सैनिकांच्या तोडीचा होता आणि मांत्रिकाचा अग्निगोल दगडफेकी यंत्राच्या माऱ्यासारखा मोजला जाई. मांत्रिक म्हणजे वस्तुतः तोफखाना. पायदळापेक्षा तोफ बलवान असते याबद्दल पायदळाची तक्रार असण्याचे कारण नव्हते, कारण पायदळ आणि तोफ दोन्ही एकाच खेळाडूच्या मालकीची होती. १९७४ मध्ये पात्रांची ताकद फारशी बदलली नाही, त्यांची मालकी बदलली. एक बाहुली, एक माणूस. सैन्यातील दोन शस्त्रांचा भेद हा आता दोन मित्रांमधला भेद झाला. संतुलनाचा प्रश्न जन्मला तो या स्थित्यंतरात. आकडेमोडीत तो नंतर शिरला.

१९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हा नवा वर्ग आला. त्यापूर्वी भिंतीला चिकटून दबक्या पावलांनी जाणे, काठीने फरशी चाचपून सापळा हुडकणे हे कोणीही करू शकत असे. खेळाडूने वर्णन करावयाचे आणि ते पटते की नाही हे सूत्रधाराने पाहावयाचे. चोराच्या नावापुढे या कृतींची टक्केवारी छापली गेली, आणि जे सर्वांचे होते ते एकाचे झाले. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासूनच्या भेदातून ठरते हे सोस्यूरचे सूत्र येथे अगदी रोकड्या स्वरूपात दिसते : चोराला काही देण्यासाठी योद्ध्याकडून काही काढून घ्यावे लागले, आणि तेही योद्ध्याच्या पानावरचा एक शब्दही न बदलता. त्यातला विनोद असा की, १९८१ च्या मूलभूत आवृत्तीत पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता अवघी १५ टक्के आहे. ज्या एका कामासाठी त्याला बोलवावयाचे, ते शंभरातून पंच्याऐंशी वेळा त्याच्याकडून होत नाही.

आणि त्याच आवृत्तीत मांत्रिकाजवळ कुलूप उघडण्याचा एक मंत्र आहे. त्याला फासा नाही. मंत्र म्हटला की दार उघडते.

माझ्या मते सगळा प्रश्न या दोन वाक्यांच्या व्याकरणात आहे. चोर म्हणतो, 'मी कुलूप उघडतो.' योद्धा म्हणतो, 'मी त्याच्यावर तलवार चालवितो.' दोन्ही वाक्ये रूपाने विधाने आहेत, मोलाने विनंत्या. ती फाशापुढे ठेवावी लागतात आणि फासा त्यांना बहुतेक वेळा नाकारतो. मांत्रिकाच्या कित्येक मंत्रांची जात वेगळी आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या मरणोत्तर, १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील परिभाषा वापरायची तर ती वाक्-कृती आहे : उच्चार हीच घटना. न्यायाधीशाने 'दोषी' म्हटले की आरोपी दोषी होतो, तसे. अशी कृती सफल होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग आणि योग्य रीत लागते असे ऑस्टिन सांगतात. पात्रवर्गांची संपूर्ण व्यवस्था म्हणजे या सफलतेच्या अटींचे वाटप होय. तेव्हा संतुलनाची चर्चा 'कोण किती इजा करतो' या हिशेबात अडकते तेव्हा ती मुद्दा चुकविते. दहाव्या पातळीच्या मांत्रिकाचा अग्निगोल दहा फाशांचा, म्हणजे सरासरी पस्तीस गुणांचा, आणि तलवारीचा एक वार सरासरी साडेचार गुणांचा, ही तफावत मोठी आहे खरी. पण योद्ध्याला आणखी वार देऊन ती बुजविता येते. उडणे, अदृश्य होणे, भिंतीतून पलीकडे जाणे यांना वारांच्या संख्येने उत्तर देता येत नाही. तेथे एक जण कथेचा पुढचा वळसा घोषित करीत असतो आणि दुसरा त्यासाठी परवानगी मागत असतो.

जुन्या रचनाकारांना हे दिसले नव्हते असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी त्यावर घातलेला लगाम मात्र वर्गांच्या वर्णनात सापडत नाही, तो काळाच्या रचनेत सापडतो. जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० च्या पुस्तकातून घेतलेल्या कल्पनेनुसार मंत्र एकदा म्हटला की स्मृतीतून पुसला जातो. पहिल्या पातळीच्या मांत्रिकाजवळ दिवसाला एकच मंत्र असे. १९७४ च्या नियमांत भुयारातील दहा मिनिटांचा एक फेरा संपला की सूत्रधार फासा टाकी, आणि सहा पडले की भटके संकट चालून येई. भुयारात विसावा फुकट नव्हता. सापडलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असल्याने लढण्यापेक्षा लढाई टाळण्यात शहाणपण होते. शिवाय वर्ग वेगवेगळ्या गतीने वाढत : १९८१ च्या आवृत्तीप्रमाणे दुसरी पातळी गाठण्यास चोराला १२०० गुण पुरत, योद्ध्याला २००० लागत आणि मांत्रिकाला २५००. अशा काळात मांत्रिक म्हणजे एकच काडी उरलेली काडेपेटी. ती केव्हा ओढावयाची हा सगळ्या मंडळींचा सामायिक प्रश्न असे. बाख्तिन यांनी ज्याला स्थलकालबंध म्हटले तो येथे नियमाच्या रूपाने हजर होता, आणि वर्गांचे संतुलन त्याच्या आधाराने उभे होते.

पुढे कथा भुयारातून बाहेर आली. १९८४ पासूनच्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेने महाकाव्यसदृश प्रवास, भविष्यवाणी आणि राज्यांचे उत्थानपतन खेळात आणले. अशा कथेत दिवसाकाठी एखादीच लढाई होते, तीही महत्त्वाची, आणि तिच्यानंतर शांत झोप लागते. १९८९ च्या आवृत्तीत सोन्यावरचे अनुभवगुण ऐच्छिक झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांना अनुभवाचा एकच तक्ता दिला. पूर्वी मंत्र पूर्ण होण्याआधी घाव बसला तर तो वाया जाई. आता कौशल्याच्या फाशावर तो वाचविता येऊ लागला. मांत्रिकाला पहिल्या पातळीपासूनच मंत्र कागदावर उतरवून ठेवण्याची विद्या मिळाली, म्हणजे कुलुपाचा मंत्र घ्यावा की दुसरा, हा सकाळचा पेचही सुटला. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर समंजस होता. पण बंध सुटला आणि त्याने तोलून धरलेले आकडे तेवढे राहिले. योद्ध्याची वाढ सरळ रेषेत आणि मांत्रिकाची वर्गाच्या पटीत, अशी जी तक्रार खेळाडूंमध्ये रूढ झाली तिचे मूळ या विसंगतीत शोधावे लागेल.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने प्रश्न मुळापासून हाती घेतला. सर्व वर्गांना एकाच साच्यातील सामर्थ्ये मिळाली : काही केव्हाही वापरता येणारी, काही एका संघर्षात एकदा, काही दिवसातून एकदा. 'सगळे वर्ग सारखे झाले' असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि अजूनही घेतला जातो. भेद गेला की अर्थ जातो, या न्यायाने तो वरकरणी बिनतोड वाटतो. मला तो अर्धाच मान्य आहे. या आवृत्तीतील योद्धा शत्रूला 'खूण' करतो; खूण झालेल्या शत्रूने योद्ध्याला वगळून दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर त्याच्या फाशातून दोन वजा होतात. 'माझ्याकडे पाहा' असे म्हणण्याचा, आणि त्या म्हणण्याला कथेत परिणाम असण्याचा, अधिकार योद्ध्याला इतक्या ठसठशीतपणे पूर्वी मिळाला नव्हता. हा आकड्यांचा समतोल नव्हे. ही वाक्-कृतीची वाटणी आहे आणि ती अस्सल आहे. चौथ्या आवृत्तीचे उणे असेल तर ते एवढेच की ही वाटणी चौकटींच्या रणपटापुरती राहिली. पट गुंडाळून मंडळी दरबारात किंवा बाजारात गेली की योद्ध्याची वाचा पुन्हा बसते.

याच्या अगदी उलट वाट 'आर्स मॅजिका' या १९८७ च्या खेळाने धरली होती. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी मध्ययुगीन युरोपात घडणाऱ्या या खेळात मांत्रिक सर्वश्रेष्ठ आहेत हे उघडपणे मांडले. त्यांचे सोबती कमी सामर्थ्याचे आणि शिपाई-चाकर त्याहून कमी. पण प्रत्येक खेळाडूजवळ एक मांत्रिक असतो, एक सोबती असतो, आणि शिपाई सगळ्यांचे सामायिक असतात. आज तुमचा मांत्रिक मोहिमेवर जातो, माझा ग्रंथालयात बसतो आणि मी त्याच्या ढालकऱ्याची भूमिका करतो. 'चेनमेल'मधील अनेक बाहुल्यांची मालकी येथे परत आली, मात्र सेनापतीच्या भूमिकेतून नव्हे, नटाच्या. पात्रांमधील विषमता शाबूत ठेवून माणसांमधील समता साधता येते, हे या खेळाने दाखविले. तिसऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या रचनाकारांचे प्रमुख हेच ट्वीट होते, हा योगायोग अभ्यासकाने जरूर लक्षात घ्यावा. तेथे एका खेळाडूमागे एकच पात्र ही परंपरा पक्की होती आणि 'आर्स मॅजिका'चा उपाय तीत बसण्यासारखा नव्हता.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पुन्हा जुन्या वर्गभेदांकडे धाव घेतली, आणि मंत्रांचे पारडे तीतही जडच आहे. पण कुलुपाच्या मंत्रात तिने एक ओळ वाढविली आहे. दार फाशाशिवाय उघडते ते पूर्वीसारखेच; मात्र उघडताना तीनशे फुटांपर्यंत ऐकू जाईल असा ठोठावल्याचा आवाज होतो. मंत्राची सफलता कमी केलेली नाही, चोराची टक्केवारीही येथे वाढविलेली नाही. शांतता तेवढी मांत्रिकाच्या हातून काढून घेतली आहे. पलीकडे पहारेकरी झोपलेले असतील तर टेबलाभोवतीची मंडळी आता मांत्रिकाकडे पाहत नाहीत, चोराकडे पाहतात. आणि त्याने फासा टाकेपर्यंत कोणी बोलत नाही.