सागाचे शंभर गुण : लाकडाच्या दिशासापेक्ष स्थितिस्थापकतेच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :
करंजा (ता. उरण, जि. रायगड) हे कोळी समाजाचे मासेमारीचे बंदर. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये या परिसराची नोंद पनवेल विभागात आढळते. अशा बंदरांतील लाकडी होडीच्या संदर्भात भारतीय लाकडांच्या रूढ मूल्यांकनपद्धतीची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेतील व्ही. डी. लिमये यांचे भारतीय लाकडांचे वर्गीकरण १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. या परंपरेत सागाला १०० मानून इतर जातींचे बळ, ताठरपणा, आघात सोसण्याची क्षमता, आकार टिकवण्याची क्षमता इत्यादी गुण तुलनेने मांडले जातात. विपुल वृक्षजाती असलेल्या देशात ही मांडणी निःसंशय मोलाची ठरली. मात्र तिच्यातील ताठरपणाचा अंक तुळईचा, म्हणजे प्रामुख्याने धाग्याच्या दिशेचा आहे, याचा विसर पडतो.

पोलादासारख्या समदिक् पदार्थाचे स्थितिस्थापक वर्तन दोन स्थिरांकांनी व्यक्त होते. लाकडाला मात्र अनुदैर्घ्य, त्रिज्य व स्पर्शीय असे तीन अक्ष असून त्यासाठी नऊ स्वतंत्र स्थिरांक लागतात. सागाचा धाग्याच्या दिशेतील यंग गुणांक साधारणतः १० ते १२ गिगापास्कल असतो. आडव्या दिशेत तो याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. समदिक् पदार्थात पॉयसन गुणोत्तर ०.५ च्या वर जाऊ शकत नाही. लाकडाच्या आडछेदात, त्रिज्य दिशेने भार दिला असता, अनेक जातींत ते ही मर्यादा ओलांडते.

होडीच्या वक्र फासळीत या फरकाची कसोटी लागते. नैसर्गिक बाक असलेल्या लाकडातून घडवलेल्या फासळीत धागा वक्राबरोबर वळतो. सरळ फळीतून तोच आकार कापला, तर धागा मध्येच कडेला तुटतो आणि भार लाकडाच्या दुर्बळ दिशेवर येतो. दोन्ही तुकडे एकाच सागाचे असले, तरी कोष्टकात दोघांनाही १०० च गुण मिळतात. बाकदार लाकूड निवडणाऱ्या कारागिराचे ज्ञान त्या अंकात उतरत नाही.

अर्थात, हा दोष वर्गीकरणाचा नाही. जातींची तुलना हे त्याचे प्रयोजन होते. दोष आहे तो तुलनेच्या अंकाला पदार्थाचा संपूर्ण स्वभाव मानणाऱ्या अध्यापनाचा.

निष्कर्ष :
लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत असताना कारागिरांचे हे ज्ञान अलिखितच लोपण्याचा धोका आहे. काचतंतूंच्या थरांतही तंतूंची दिशा निर्णायक असते. त्यामुळे ते कालबाह्य ठरत नाही. एकाच फळीतून धाग्याच्या दिशेने व आडवी अशा समान मापाच्या दोन पट्ट्या कापून समान भाराखाली त्यांचा झोल मोजणे, एवढा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात शक्य आहे. सागाचे शंभर गुण कोणत्या दिशेचे, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे त्यातून आपोआप उभा राहील.