क्रास्टिलचे सूत्र आणि उसाचे मेण : एक परीक्षण

घन पदार्थ अतिक्रांतिक द्रायूत किती विरघळतो, हा प्रश्न नवा नव्हे. तप्त व दाबित मद्यार्कात क्षार विरघळतात आणि दाब उतरविताच ते हिमकणांसारखे खाली बसतात, हे हॅने व होगार्थ यांनी १८७९ सालीच दाखविले होते. आज या अभ्यासात सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र म्हणजे क्रास्टिल यांनी १९८२ साली मांडलेले घनतेचे सूत्र होय. त्या सूत्राचे बळ कोठे आहे आणि त्याची मर्यादा कोठे सुरू होते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

हा विचार आपल्या परिसराला अगदी लागून आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व पुढे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अशा कारखान्यांची मालिकाच निर्माण झाली. रस निवळताना उरणाऱ्या प्रेसमडमध्ये उसाचे मेण असते व त्या मेणात ऑक्टाकोसॅनॉलसारखी दीर्घ शृंखलेची अल्कोहोले असतात. दुसरीकडे, साखरेच्या किण्वनात मद्यार्काच्या ९२ भारांमागे कार्बन डायऑक्साइडचे ८८ भार निघतात. ३१ अंश सेल्सिअस व सुमारे ७४ बार ही क्रांतिक मर्यादा ओलांडली की हाच वायू मेणाचा विद्रावक होऊ शकतो. अर्थात, किती दाबाचे पात्र बांधावे हे ठरविण्यासाठी विद्राव्यतेचे भरवशाचे प्रतिमान हवे.

क्रास्टिल यांची कल्पना साधी आहे. घनाचा एक रेणू विद्रावकाच्या ‘क’ रेणूंशी समतोलात संयोग पावतो असे गृहीत धरले, म्हणजे विद्राव्यतेचा लॉगरिथम हा घनतेच्या लॉगरिथमाची ‘क’ पट, अधिक ‘अ’ भागिले निरपेक्ष तापमान, अधिक ‘ब’ एवढा येतो. येथे घनाचे क्रांतिक तापमान लागत नाही, संप्लवन-दाबही लागत नाही. पेंग-रॉबिन्सन यांच्या १९७६ च्या अवस्था समीकरणाला हे सर्व लागते. ऑक्टाकोसॅनॉलसारख्या जड पदार्थाच्या बाबतीत ते अंदाजानेच घ्यावे लागते आणि त्या अंदाजातील चूक आंतरक्रिया-प्राचलात मुकाट्याने दडून बसते. या दृष्टीने क्रास्टिल यांची काटकसर हा गुणच मानला पाहिजे.

परंतु सूत्र जुळले म्हणजे त्यामागील कल्पना सिद्ध झाली, हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. ४० अंशांवर कार्बन डायऑक्साइडची घनता १०० बारला सुमारे ६३० व ३०० बारला सुमारे ९१० किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. दाब तिप्पट झाला, पण घनतेचा नैसर्गिक लॉगरिथम जेमतेम ०.३७ ने सरकला. एवढ्या अरुंद पट्टीत बहुतेक कोणतीही सौम्य वक्ररेषा सरळच दिसणार! उलट क्रांतिक बिंदूच्या जवळ, ८० ते ९० बारच्या दरम्यान, घनता सुमारे २८० वरून ४८५ वर जाते. तेथे दाबमापकातील एका बारची चूकही सगळे गणित बिघडवते. सूत्राची खरी कसोटी याच भागात आहे, आणि आलेख बहुधा सुरू होतात ते त्याच्या पलीकडे.

दुसरा आक्षेप ‘क’च्या अर्थाविषयी आहे. ही रेणूंची संख्या म्हणावी, तर ती अपूर्णांकात येते. तिला सरासरी म्हणून तेवढे निभावता येईल. पण विरल द्रावणात संहतीऐवजी मोल-अंश घेतला, तर त्याला घनतेने भागले जात असल्यामुळे घातांक एकाने घटतो. एकाच मोजणीतून एकाला ५.५ व दुसऱ्याला ४.५ मिळेल. अशा दोन आकड्यांची तुलना करून रेणूंच्या संयोगाविषयी विधान करणे म्हणजे एककांच्या फरकाला रसायनशास्त्र समजणे होय.

तिसरा आक्षेप मेणापुरता आहे व तो सर्वांत गंभीर आहे. मेण हा एक पदार्थ नव्हे. मिश्रणातील एक घटक दुसऱ्याची विद्राव्यता वाढवू शकतो, आणि दाबाखालील वायू विरघळल्याने घनाचा द्रवणांकही खाली येतो. नॅप्थॅलीन ८० अंशांवर वितळते. परंतु पुरेशा दाबाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ते सुमारे ६० अंशांवरच द्रव होते. आपण मोजले ते घनाचे विद्रावण की द्रवाचे, हे खिडकीच्या पात्रातून पाहिल्याशिवाय कसे कळणार? शिवाय प्रेसमडमधून निघालेला उतारा म्हणजे विद्राव्यता नव्हे. गाळाच्या कणांतून मेण बाहेर येण्याचा वेगही त्यात मिसळलेला असतो.

तेव्हा या विषयावर काम करणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. एकके स्पष्ट लिहावीत. एका तापमानाची सर्व निरीक्षणे बाजूला ठेवून उरलेल्यांवरून त्यांचे भाकीत करावे, आणि सरासरी चूक त्या भाकिताचीच सांगावी. ‘अ’वरून निघणाऱ्या उष्णतेचा मेळ स्वतंत्रपणे मोजलेल्या संप्लवन-उष्णतेशी घालून पाहावा. ज्या सूत्रात तीन स्थिरांक आहेत, त्यात आणखी तीन घालून चूक निम्मी करणे अवघड नाही. पात्र मात्र त्या सहा स्थिरांकांवर उभे राहत नाही. ते उभे राहते मोजणीवर. क्रास्टिल यांचे सूत्र अंतर्वेशनाचे उत्तम साधन आहे. त्याला सिद्धांताचा मान देण्याची घाई करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.