'जगावेसे वाटणे' : 'कासव' या चित्रपटातील जीवनेच्छेचा विचार

१

जगण्याची इच्छा नाहीशी झालेला मनुष्य पुन्हा जगू लागतो, म्हणजे त्याच्या ठायी नेमके काय घडते? हा प्रश्न प्रथमदर्शनी मानसशास्त्राच्या कक्षेतील वाटतो. परंतु कोणतीही कलाकृती त्याला हात घालते तेव्हा तो भाषेचाही प्रश्न होतो. कारण निराश माणसाशी कोणत्या शब्दांनी बोलावे, किंवा मुळीच बोलू नये, याचा निर्णय कलावंताला करावाच लागतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला 'कासव' हा मराठी चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २०१६ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट कथापट म्हणून त्यास सुवर्णकमळ मिळाले आणि २०१७ मध्ये तो सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याचे निर्माते आणि त्यातील एक प्रमुख नट डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. याच दिग्दर्शकद्वयाने 'देवराई' (२००४) मध्ये स्किझोफ्रेनियाचा विषय हाताळला होता. २०२१ मध्ये सुमित्रा भावे यांचे निधन झाल्याने आता या साऱ्या निर्मितीकडे एक पूर्ण झालेले कार्य म्हणून पाहावयास हरकत नाही.

कथानक थोडक्यात असे : स्वतःचे जीवन संपविण्याचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) रुग्णालयातून निघून भटकत असता आजारी अवस्थेत जानकी (इरावती हर्षे) या स्त्रीला आढळतो. ती त्याला कोकणच्या किनाऱ्यावरील आपल्या घरी आणते. जानकी स्वतः नैराश्याच्या अनुभवातून गेलेली असून त्या किनाऱ्यावर चाललेल्या कासव-संवर्धनाच्या कामात ती सहभागी आहे. यदू (किशोर कदम), दत्ताभाऊ (मोहन आगाशे) आणि एक अनाथ मुलगा अशा मोजक्या माणसांच्या सहवासात त्या तरुणाचे दिवस जातात. जानकी त्याला 'तू कोण?', 'असे का केलेस?' हे प्रश्न विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा न विचारलेला प्रश्न होय.

२

प्रथम थोडा व्याकरणाचा विचार करू. संस्कृतात इच्छा व्यक्त करण्यासाठी धातूलाच 'सन्' प्रत्यय लागतो. 'जीव्' पासून 'जिजीविषा' आणि 'मृ' पासून 'मुमूर्षा' ही रूपे अशीच सिद्ध होतात. पाणिनीने या प्रत्ययाचे विधान करताना इच्छा करणारा आणि क्रिया करणारा यांचा कर्ता एकच असला पाहिजे अशी अट घातली आहे. जो इच्छितो तोच करतो. परंतु याच सूत्रावरील वार्तिकात एक लक्षणीय भर पडली आहे : केवळ इच्छा नव्हे तर आशंका, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याच्या बेतात असणे, या अर्थीही हा प्रत्यय होतो. कोसळू पाहणारा नदीकाठ आणि मरणाला टेकलेला कुत्रा ही त्याची परंपरागत उदाहरणे. नदीकाठाला पडण्याची इच्छा नसते. तो पडण्याच्या बेतात असतो. तेव्हा 'मुमूर्षु' या एकाच शब्दात मरू इच्छिणारा आणि मरणोन्मुख असे दोन्ही अर्थ सामावले आहेत. ज्याला आपण 'मरणाची इच्छा' म्हणतो, ती पुष्कळदा काठाखालची माती वाहून गेल्याची अवस्था असते, हे या वैयाकरणांच्या उदाहरणावरून सहज सुचते.

मराठीने हा प्रत्यय टाकून दिला. त्याच्या जागी आपण 'मला जगावेसे वाटते' अशी रचना करतो. येथे जगणारा 'मी' असलो तरी वाक्याचे क्रियापद माझ्याशी जुळत नाही. मला, तुला, त्यांना - कोणालाही जगावेसे 'वाटते'च. क्रियापद तृतीय पुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहते. इच्छा करणारा मनुष्य चतुर्थीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी, बसतो. इच्छा ही त्याने करावयाची क्रिया नसून त्याच्याकडे येणारी वस्तू आहे. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, या रचनेला आज्ञार्थ नाही. 'जग' असे आपण म्हणू शकतो. 'धीर धर', 'विसरून जा' असेही म्हणू शकतो. परंतु 'तुला जगावेसे वाट' असे वाक्य मराठीत होऊच शकत नाही. फार तर 'त्याला जगावेसे वाटेल असे काही कर' असे म्हणता येते. आणि हे वाक्य त्या माणसाला उद्देशून नसते, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला उद्देशून असते.

यावरून मराठी मनाविषयी काही सिद्धान्त काढणे गैर ठरेल. अनुभवकर्त्याला चतुर्थीत ठेवण्याची प्रवृत्ती हिंदीत आहे, कन्नड-तेलुगूत आहे, किंबहुना दक्षिण आशियातील बहुतेक भाषांत आहे. व्याकरण हा मानसशास्त्राचा पुरावा नव्हे. परंतु एखादी कलाकृती कोणत्या वाक्यरचनेच्या अंगाने विचार करते, हे पाहण्याचे ते एक चांगले साधन मात्र आहे.

३

हे साधन हाती घेतले असता मराठी चित्रपटातील दोन भिन्न वृत्ती स्पष्ट होतात. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'माणूस' १९३९ साली आला. गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) आणि वेश्यावस्तीतील मैना (शांता हुबळीकर) यांची ती कथा. प्रेमभंगानंतर स्वतःला संपवीत नेणाऱ्या 'देवदास'ला (१९३५) दिलेले उत्तर म्हणून समीक्षक त्याकडे पाहात आले आहेत, आणि ते योग्यच आहे. मैना दुरावल्यावर गणपत खचतो, परंतु अखेर आपल्या कर्तव्याकडे परततो. जीवन हे जगण्यासाठी आहे, हा त्या चित्रपटाचा उद्घोष आहे. त्याची वाक्यरचना 'जगले पाहिजे' ही आहे. हा विध्यर्थ त्या काळाला शोभणारा होता. कर्तव्यावर श्रद्धा असलेल्या पिढीला तो पुरतही असावा.

तथापि 'जगले पाहिजे' हे वाक्य ज्याला ऐकू येते, त्याच्यापाशी ते ऐकण्याइतके बळ शिल्लक आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. गणपतपाशी ते होते : त्याला गणवेश होता, आई होती, कामाची पाळी होती. 'कासव'मधील तरुणापाशी यांपैकी काही नाही. सुशिक्षित, सुस्थित घरातील असूनही तो एकाकी आहे. त्याला विध्यर्थ सांगणे म्हणजे ज्याचा पाय मोडला आहे त्याला चालण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे. म्हणून जानकी आज्ञार्थ टाळते, विध्यर्थ टाळते, प्रश्नार्थही टाळते. ती अंथरूण घालते, खावयास देते, त्याच्या तुसडेपणावर रागावत नाही, आणि वाट पाहते. घरातील इतर माणसे आपापली कामे करीत राहतात. 'त्याला जगावेसे वाटेल असे काही कर' या गौणवाक्यातच सारा चित्रपट घडतो. मुख्य वाक्याचा कर्ता तो तरुण नसून त्याच्या भोवतीची माणसे आहेत, ही या पटकथेची खरी मौलिकता होय.

४

शीर्षकातील कासवाचा विचारही याच अनुषंगाने करावा लागेल. मराठी वाचकाच्या मनात कासव शिरते ते गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला तेथे कासवाची उपमा आहे, आणि ज्ञानदेवांनी तिचा विस्तार करताना कासव आपले अवयव प्रसन्नतेने पसरते आणि इच्छेनुसार आवरते, असा भाव आणला आहे. येथे इच्छा शाबूत आहे. निराश मनुष्यही कवचात शिरतो, परंतु इच्छेने नव्हे, इच्छा मावळल्यामुळे. बाहेरून पाहणाऱ्याला स्थितप्रज्ञ आणि विषण्ण हे दोघेही सारखेच निश्चल दिसतात. आपल्या समाजात अबोल माणसाला 'शांत स्वभावाचा' म्हणून मोकळे होण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी हाच दृष्टिभ्रम आहे.

दुसरे कासव संतवाङ्मयातले. कासवी आपल्या पिलांना दूध देत नाही, जवळही घेत नाही. केवळ नजरेने त्यांचे पोषण करते, हा दृष्टान्त तेथे रूढ आहे. तिसरे कासव मात्र अरबी समुद्रातले, ऑलिव्ह रिडले जातीचे. त्याची मादी रात्री वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे ती फिरकत नाही. कोल्ह्याकुत्र्यांपासून व माणसांपासून ती अंडी राखावी लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने हे काम उभे केले. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडतात, आणि त्यांना समुद्राच्या कडेशी सोडून माणसे बाजूला होतात. पाण्यापर्यंतचे अंतर पिलांनीच तोडावयाचे असते.

संतांची कासवी आणि समुद्रातील कासवी यांत विरोध आहे : एकीची नजर कधी हटत नाही, दुसरी वळूनही पाहात नाही. 'कासव' या विरोधाचा मेळ घालतो. आईने सोडलेल्या अंड्यांवर परक्यांची नजर राहते. जन्मदात्यांपासून तुटलेल्या मुलाचेही तसेच. मात्र जेथे जेथे हे रूपक पात्रांच्या संवादातून उलगडून सांगितले जाते, तेथे तेथे चित्रपट आपल्याच पद्धतीशी विसंगत होतो. ज्या कृतीचे सामर्थ्य न विचारण्यात आहे, तिने प्रेक्षकालाही थोडे न सांगता सोडावयास हवे होते.

५

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि परभणीसारख्या ठिकाणी बसून तो टाळता येणार नाही. जानकीपाशी समुद्राकाठी घर आहे, हाताशी माणसे आहेत आणि वेळ आहे. तिचा पाहुणा कर्जबाजारी नाही. जिंतूर-पालमच्या कोरडवाहू रानात कापूस-सोयाबीनवर वर्ष काढणाऱ्या, आणि पाऊस गेल्यावर सावकार व बँक या दोहोंकडे तोंड दाखवू न शकणाऱ्या माणसाला ही शुश्रूषा काय कामाची? त्याचा काठ मनातून खचलेला नाही. खालची माती खरोखरीच वाहून गेली आहे.

या आक्षेपाचे वजन तोलण्यासाठी सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) शेजारी ठेवावा. विदर्भातील त्या कथेत शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर अलका (सोनाली कुलकर्णी) आपला नवरा किस्ना (गिरीश कुलकर्णी) हाही तसेच करील या धास्तीने त्याच्यावर पाळत ठेवते, लहान मुलाला त्याच्या मागे धाडते, गोडधोड करून घालते. शीर्षकातील वऱ्हाडी शिवी पावसाला दिलेली आहे. दोष मनाचा नसून आभाळाचा आणि व्यवस्थेचा आहे, हे त्या एका शब्दात आले आहे. मराठीत 'लक्ष ठेवणे' आणि 'लक्ष असणे' यांत जो फरक आहे, तोच अलका आणि जानकी यांच्यात आहे. पाळतीत भीती असते आणि ज्याच्यावर ती ठेवली जाते त्याला ती जाणवते. पण अलकाला दोष देता येत नाही. जिच्या घरात उद्याच्या बियाण्याची सोय नाही, तिला जानकीचे स्वास्थ्य कोठून मिळणार? म्हणून एवढे स्पष्ट म्हटले पाहिजे की, जेथे निराशेचे कारण कर्ज आणि नापिकी हे आहे, तेथे कर्ज आणि नापिकी यांवरील उपायाची जागा सहवास घेऊ शकत नाही. 'कासव' हे सांगत नाही. ते त्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि ही त्याची मर्यादा आहे.

परंतु आक्षेप येथवरच जातो. जानकीची पद्धत श्रीमंतीतून आलेली आहे असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचे उदाहरण घ्यावे. दासीपण करणाऱ्या या स्त्रीच्या अभंगांत आणि कथांत विठ्ठल उपदेश करावयास येत नाही. तो जात्याला हात लावतो, शेणी वेचतो, तिच्या कामात सामील होतो. दुःखी माणसाच्या शेजारी बसून त्याचे काम हलके करणे, ही कल्पना आपल्या परंपरेतील सर्वांत गरीब घरातून आलेली आहे. आपल्या भागातील बोलीही याला साक्ष देते. येथे कोणी 'मला नैराश्य आले' असे म्हणत नाही. 'मन लागंना', 'अन्न गोड लागंना' असे म्हणतात. या वाक्यांत 'मी' नाही. कर्त्याच्या जागी मन आहे, अन्न आहे. ऐकणाऱ्याला मात्र त्यात तक्रार ऐकू येते, कधी आळस ऐकू येतो, आणि तो आज्ञार्थाने उत्तर देतो.

६

समाजाची भाषा या विषयात हळूहळू बदलते आहे. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध मानला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिच्या शुश्रूषेची जबाबदारी शासनाने घ्यावी, असे ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते सर्वसाधारण कलम उरले नाही. कायद्याने 'का केलेस?' हा प्रश्न मागे घेतला आहे. घरांनी, वसतिगृहांनी आणि वर्गांनी तो अद्याप मागे घेतलेला नाही.

'कासव'चे वाङ्मयीन मूल्य ठरविताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. 'माणूस'ने जगण्याचा आदेश दिला आणि तो आदेश थोर होता. 'कासव' आदेश देत नाही. जगण्याची इच्छा ही ज्याच्या त्याच्याकडे येते, आणि ती येईपर्यंत त्या माणसाजवळ कोणीतरी असावे लागते, एवढेच ते दाखविते. आपल्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थी ज्या घरांतून येतात तेथील पेरणीचे संकट वर्गात निवारता येत नाही. परंतु मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी आठवडाभर दिसला नाही, तर परत आल्यावर त्याला गैरहजेरीचे कारण प्रथम विचारावयाचे की तो जेवला आहे का हे, एवढी निवड आपल्या हातची आहे. वर ज्या गौणवाक्याचा विचार केला, त्याचा कर्ता होण्याची पात्रता यापेक्षा अधिक काही मागत नाही.