नांगराचे गद्य

शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांचा जन्म सोलापूरचा. चित्रकला ते लाहोरला सातवळेकरांकडे शिकले. मराठी समीक्षेने त्यांना संपादक म्हणून गौरविले, गद्यकार म्हणून मात्र फारसे वाचले नाही. १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र. त्याच्या गद्याचे मूळ लोखंडी नांगराच्या विक्रीत शोधावे लागते. लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याची समजूत खोडायची, पण त्याला दुखवायचे नाही, अशी ही अडचण होती. सोपे निवेदन, प्रात्यक्षिक, सोबत चित्र ही रीत त्यातून आली. पुढे ‘किर्लोस्कर’ झालेल्या या मासिकाने रूढींवर आणि १९३० पासून ‘स्त्री’ने स्त्रीजीवनावर जे लेखन छापले, त्यातही सुधारणा ही वापरून पाहण्याची वस्तू ठरते. आगरकरांच्या गद्याला प्रतिवादी लागतो. या गद्याला ग्राहक पुरतो. म्हणूनच ते घरोघर पोचले, हे मान्य करावेच लागेल. परंतु ज्याची ऐपत नाही, त्याला या संहितेत वाचक म्हणून जागा कोठे? ‘यांत्रिकाची यात्रा’ या लक्ष्मणरावांच्या चरित्रात कामगार येतो तो बहुधा कारखानदाराच्या नजरेतून. यंत्राची दुसरी बाजू शंकररावांच्या जन्मगावी १८७७ पासून, जुन्या गिरणीत, रोज दिसत होती.