मेसापोटेमिया कमिशनचा अहवाल : अस्सल तार आणि डोळ्यांची साक्ष

इ. स. १९१४ च्या ६ नोव्हेंबरास हिंदुस्थानची फौज समुद्रमार्गें येऊन फाव येथें उतरली. पुढें टायग्रिस नदी हाच तिचा मुख्य मार्ग झाला. या मोहिमेंतील जखमींच्या जलमार्गावरील शुश्रूषेची हकीकत १९१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेसापोटेमिया कमिशनच्या अहवालांत आहे. कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं तो अवश्य वाचावा.

१९१५ च्या २२ नोव्हेंबरास टेसिफॉनची लढाई जुंपली. तींतील सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. जखमींसाठीं नदीवर स्वतंत्र इस्पितळी आगबोट नव्हती. धान्य व दारूगोळा वर नेणाऱ्या आगबोटींनींच परततांना जखमींस आणावें, अशी योजना होती. म्हणजे एकच नौका दोन खात्यांत जमा धरली गेली. जखमी हजारोंनीं आले तेव्हां तो हिशेब कोसळला.

तरीही जखमींची व्यवस्था उत्तम झाल्याची तार वरिष्ठांस गेली. कागद अस्सल, समकालीन व अधिकृत. आपल्या नेहमींच्या कसोट्यांस पुरेपूर उतरणारा. परंतु बसरा येथें ‘व्हरेला’ या इस्पितळी जहाजावरील मेजर कार्टर यांनीं ‘मेजिदिए’ ही आगबोट येतांना पाहिली. तिच्या बाजूंस दोर लोंबत आहेत असें त्यांस दुरून वाटलें. जवळ येतां तो वाळलेला मळ निघाला. त्यांनीं तक्रार केली, तेव्हां त्यांसच अटकेची धमकी मिळाली. शब्द आप्ताचा असेल तरच तो प्रमाण. अधिकारपद म्हणजे आप्तता नव्हे.

कमिशननें ही साक्ष छापली आणि हिंदुस्थान सरकारनें १९१६ सालीं नेमलेल्या व्हिन्सेंट-बिंग्ले समितीचा प्रतिकूल अहवालही सोबत जोडला, हा या ग्रंथाचा मोठा गुण होय. त्याच्या प्रसिद्धीनंतर भारतमंत्री चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. मात्र त्याचा आधार मुख्यतः अधिकाऱ्यांच्या साक्षींचा आहे. ज्यांच्या देहावर ही योजना गुदरली, त्या शिपायांचा शब्द त्यांत ठळकपणें ऐकूं येत नाहीं, ही उणीव खरी. मराठा पलटणींतील कोणा शिपायाचीं पत्रें त्याच्या घराण्यांत राहिलीं असतील, तर तीं मोडी असोत वा बाळबोध, संग्राहकांनीं सनदांइतक्याच आस्थेनें जतन करावींत. कार्टर यांची साक्ष नसती, तर आपण त्या अस्सल तारेवरच विश्वास ठेवून बसलों असतों.